कामाची बिडी

गुरुवारी महादेवदादांनी मशीनमध्ये फुंकर मारली आणि आकडा आला अठरा. मागच्या महिन्यात तो दोन होता.

"मशीन बिघडलंय मॅडम," ते म्हणाले.

मी स्वतः फुंकून दाखवलं. एक.

हे मशीन श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. माणूस बिडी ओढत असेल तर आकडा वर जातो. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये कौन्सेलर आहे, बिडी-सिगारेट सोडवणं हे माझं काम. पेशंटवर विश्वास ठेवावा आणि मशीनही चालू ठेवावं, असा माझा शिरस्ता आहे.

महादेवदादा आष्ट्याचे. तीस वर्षं मिरजेत एका तंबोऱ्याच्या कारखान्यात कारागीर. बिडीनं त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या होत्या आणि डाव्या पायाच्या करंगळीची जखम काळी पडायला लागली होती. सर्जननी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, बिडी सुटली तर पाय वाचेल, नाही तर आधी बोटं जातील आणि मग पाऊल. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

सहा आठवडे ते रजेवर, आष्ट्याला घरी होते. आम्ही ट्रिगर शोधले. ट्रिगर म्हणजे ज्या गोष्टीनं तल्लफ जागी होते ती गोष्ट. चहा, जेवण, पारावरची बैठक, बायकोशी वाद. एकेकाला पर्याय ठरवला, सराव केला. बिडी पूर्ण बंद झाली. जखम सुकायला लागली, तशी सर्जननी बसून करायच्या कामाला परवानगी दिली. कामावर जाऊन तीन आठवडे झाले आणि हा अठरा.

"एक तरी ओढली असेल," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम. आईची आण."

शेजारी त्यांची बायको सुमनताई बसल्या होत्या. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्यातल्या त्या नव्हेत. घरात काडेपेटीसुद्धा आपल्या कमरेला असते, असं त्यांनी सांगितलं. "घरात न्हाई वढत ओ. वासच येत न्हाई. पर जखम परत ओली झालीया, हे खरं."

दुपारी सर्जनचा फोन आला. पंधरा दिवस वाट बघतो, म्हणाले, मग बोट काढायचं. "तुमची केस सक्सेसफुल होती ना?" असंही विचारलं. मी फोन ठेवला आणि कारखान्यात गेले.

महादेवदादा जवारी काढत होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती कानशीनं इतकी हलकी घासायची की तार छेडली की आवाज घुमत राहिला पाहिजे. जरा जास्त घासली तर घोडी वाया. त्यांनी दोनदा कानस फिरवली, तार चढवली आणि भोपळ्यामागे हात घालून एक डबा काढला. मला बघितलं, नमस्कार केला आणि बिडी पेटवली. लपवली नाही. ते बघून मीच गोंधळले.

"दादा, हे काय?"

"ही वढायची न्हवं मॅडम. ही कामाची हाय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. तार चढवली की ती ताणाला बसेपर्यंत थांबावं लागतं, आणि घासून घासून थकलेल्या कानालाही विसावा लागतो. किती थांबायचं? एक बिडी. त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलेलं. कामावर परतल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी बिडीशिवाय काम केलं, घाईनं तार छेडली आणि दोन घोड्या जास्त घासल्या गेल्या.

मालक मागून म्हणाले, "मी इचारलं, हात गेला काय रं गड्या? मॅडम, बिडी सोडवा, पर जवारी न्हाई सुटली पायजे."

माझी चूक तिथं कळली. मी "तल्लफ कधी येते?" असं विचारलं होतं. या बिडीला तल्लफ नव्हती, म्हणून ती यादीत आलीच नाही. उपचार घरी झाला, घरातली सवय मोडली. कारखान्यातल्या सवयीला आम्ही हातच लावला नव्हता. ती तिथं बसून त्यांची वाट बघत होती. बरे झालेले बरेच लोक असेच परत घसरतात. त्यांचा निश्चय कमी पडत नाही, आपण चुकीच्या ठिकाणी सराव करून घेतलेला असतो.

मी मोबाईलचा टायमर सुचवला. दादांनी मान हलवली. "घंटीचा सूर कानात बसतोय. मग तारंचा कुठनं ऐकू येणार?"

बरोबर होतं. मग आम्ही उठून चाललो. हळू, गल्लीच्या टोकापर्यंत, जिथं भोपळे वाळत ठेवलेले असतात. तिथून परत. एका बिडीएवढाच वेळ लागला. सर्जनना आधीच फोनवर विचारलं होतं, मऊ चप्पल घालून तेवढं चालेल, म्हणाले. परत आल्यावर त्यांनी तार छेडली, डोळे मिटले आणि कानस उचलली. डबा मी पर्समध्ये टाकला. पुढचे आठ दिवस माझी सेशन्स कारखान्यातच झाली. तिसऱ्या दिवशी आणखी एक घोडी वाया गेली. मालकांनी ती आणून माझ्यासमोर ठेवली.

करंगळी नाही वाचली. उशीर झाला होता. बाकीचं पाऊल जागेवर आहे, आणि जखम भरली.

चार महिन्यांनी दादा शिरवळला भाच्याच्या लग्नाला गेले. आल्यावर स्वतःच सांगायला आले. "एक झाली मॅडम. घरची न्हवं, कामाची न्हवं. लग्नाची." सुमनताईंनी कपाळावर हात मारला. मी यादीत एक ओळ वाढवली.

"रोज किती ओढता?" हा प्रश्न आता माझ्या फॉर्मवर दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "तुमचं काम कसं करता, सुरुवातीपासून सांगा." लोक फार सविस्तर सांगतात. माझं जेवण तीनला होतं. चालतं.