मालकांच्या बाजूचा नागपूरकर

कंपनीच्या कामासाठी लंडनजवळ क्रॉयडनला होतो तेव्हा रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही अमेरिकन फुटबॉल बघायचो. ऑफिसमधला एक मित्र आधी दोन वर्षं अमेरिकेत प्रोजेक्टवर राहून आला होता, येताना हे वेड घेऊन आला. त्याच्या फ्लॅटवर आम्ही जमायचो: मी, नवरा, पाच वर्षांची लेक आणि आमच्याच टीममधला एक नागपूरकर. टीव्ही त्याचा, पोहे माझे. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मॅच थांबली की खेळाडूंच्या पगाराच्या गप्पा सुरू व्हायच्या, आणि त्या मला भारी आवडायच्या.

तिकडे म्हणे खेळाडूंचे पगार जगजाहीर असतात. त्या वर्षी संघांच्या मालकांनी खेळाडूंच्या युनियनशी केलेला करार लवकर संपवायचं ठरवलं होतं, आणि पुढे टाळेबंदी होणार अशी चर्चा होती. नागपूरकर ठामपणे मालकांच्या बाजूचा. एवढे कोट्यवधी घेतात आणि वर रडून राहिले, असं त्याचं म्हणणं. माझे वडील जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात, युनियनवाले. टाळेबंदी म्हटलं की माझं डोकं तापतं. अमेरिकावाला समजावून सांगायचा, की करार पाच वर्षांचा दिसला तरी सगळ्या पैशांची हमी नसते. गुडघा गेला, की खेळाडू बाहेर आणि उरलेल्या वर्षांचे पैसेही गेले. यावर मी आणि नागपूरकर पोहे गार होईपर्यंत भांडायचो.

अशात एका शुक्रवारी मॅनेजरने मला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. माणूस आपल्या पुण्याचाच, बोलणं साखरेत घोळलेलं. पुढच्या महिन्यापासून इथला भत्ता पाव हिश्श्याने कमी होणार होता, आणि ते मान्य असल्याच्या कागदावर सही हवी होती. "बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, फक्त तुमचीच राहिलीय," तो म्हणाला. सोमवारपर्यंत मुदत. तेवढ्या पैशांत आमचं भाडं निघणार नव्हतं. नवरा डिपेंडंट व्हिसावर, त्याला अजून नोकरी नव्हती. म्हणजे तो आणि लेक पुण्याला परत, आणि मी इथे एकटी. लेक नुकती कुठे शाळेत रुळली होती. ट्रॅममध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

रविवारी मी गप्प बसायचं ठरवूनच गेले होते. पण नागपूरकराने पुन्हा मालकांची आरती सुरू केली आणि माझा पारा चढला. म्हटलं, कुठल्या त्या परक्या धटिंगणाचा पगार तुला तोंडपाठ, आणि रोज शेजारी बसते तिला काय मिळतं ते ठाऊक आहे का? आणि मी माझा भत्ता मोठ्याने सांगून टाकला.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आम्ही एकमेकांना घरभाडं विचारायचो, कुणाच्या बायकोचं सिझेरियन झालं का तेही विचारायचो, पण पगार? छे! शिवाय नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पगाराची माहिती एकमेकांना दिली तर परत पाठवू. अमेरिकावाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि आपला आकडा सांगितला. त्यालाही शुक्रवारी तेच ऐकवलं होतं, फक्त तुझीच सही राहिलीय म्हणून. त्यानेही केली नव्हती.

नागपूरकर ताटलीत बघत होता. सही त्याने केली होती, शुक्रवारीच. तुम्ही सगळ्यांनी केली म्हणून सांगितलं मला, असं काहीसं पुटपुटला. मी कसली ऐकतेय! मालकांचा माणूस, घरभेदी, तोंडाला येईल ते बोलले. तो चहा न घेताच गेला.

सोमवारी मी आणि अमेरिकावाला असे दोघंच त्या छोट्या खोलीत गेलो. सगळ्यांनी सह्या केल्यात हे खोटं आहे, असं मी म्हणाले. मॅनेजरचं हसू मावळलं. पगाराचा विषय आधी कुणी काढला, एवढंच त्याने विचारलं. पत्रातलं कलम मला आठवलं, लेकीचं दप्तर डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात दार उघडून नागपूरकर आत आला; बाहेर उभं राहून त्याने सगळं ऐकलं होतं.

"पगाराचं मी विचारलं दोघांना," तो म्हणाला. "पाठवायचं तर मला पाठवा. अन् माझी सही मला परत द्या, सर."

कुणालाच पाठवलं नाही. दोन आठवडे भत्त्याचा विषय विचाराधीन होता, मग तो कुणी काढलाच नाही. नागपूरकराचा कागदही त्याला परत मिळाला.

त्या सोमवारीच मी त्याला पँट्रीत गाठलं. माफी मागायची होती. खोटं का बोललास, एवढंच कसंबसं विचारलं.

"तुझ्या पोरीची शाळा आहे इथं," तो कपात दूध ओतत म्हणाला. "मी काय, एकटाच आहो."

मी तिथेच ढसाढसा रडले.