अर्ध्या मिलिमीटरवर गाडी परत गेली

मंडळी, आज इतका थकलोय की जेवणाआधीच हे लिहून टाकतो.

कामथडीत माझं गॅरेज आहे. पासलीचा दत्ता रविवारच्या शर्यतीसाठी बाइकला मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवायला आला होता. असा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडतो, मग तो वर येणाऱ्या पिस्टनवर आदळायची भीती असते. म्हणून दोघांत फट किती राहते ते मोजायला पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले लावली, नव्या कॅमसकट हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवलं, इंजिन हातानं फिरवलं आणि परत उघडलं. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाजूला क्ले दबून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड उरली होती, म्हणजे फट तेवढीच. दीड तरी हवी. खात्रीसाठी सगळं पुन्हा केलं. तेवढीच.

"हातानं फिरवताना कुठं अडलं का?" दत्तानं विचारलं.

"न्हाई. पण जोरात पळवल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला मागं राहतो, पिस्टन थांबत न्हाई. इंजिन जाम झालं तर तू पडशील. पिस्टनला खाचा पाडून घेऊ, चार दिवस लागतील."

"रविवारी पळवायचीय, दादा. तुमी नगा बसवू, दुसरा कुणी बसवंल."

भांडायला अंगात जोरच नव्हता. त्यानं टेम्पो बोलावला. गाडी चढवायच्या आधी मी त्याच्यासमोर पुढच्या मेकॅनिकसाठी हेडवर मार्करनं लिहिलं, 'एक्झॉस्टला अर्धाच मिमी आहे. असं बंद करू नका.' दत्तानं ते वाचलं, पण पुसलं नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर गाडी जाऊ दिली असती का?