एका कानाचा झपताल
जपानातल्या आराकावा नदीच्या बांधावरून चालता चालता अंबरीषने स्नेहलताताईंना पुन्हा आपल्या उजव्या हाताला घेतलं. आगगाडीत बसलं की त्याच्या डाव्या कानात शिट्टी चढे, म्हणून हॉस्पिटलपासून कासाईला घरापर्यंत दोघं पायीच निघाली होती. डॉक्टरचं जपानी समजावून द्यायला ताई बरोबर गेल्या होत्या. ताईंच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण त्यांनी पाऊल मंद केलं नाही.

"डॉक्टर नक्की काय म्हणाला, ताई? गोड करून सांगू नका."

"गोड नाहीच केलं. लगेच आला असतास तर औषध लागू पडलं असतं, म्हणाला. आता डावा कान परत यायचा नाही."

"दडा बसलाय वाटलं मला. विमानात बसतो तसा. सुटेल आपोआप."

मागून सायकलची घंटी वाजली. अंबरीष आवाज ऐकून भलतीकडेच सरकला आणि सायकलच्या पुढ्यात आला. ताईंनी बाही धरून ओढलं. सायकलवाले आजोबा उलट आपणच माफी मागत गेले.

अंबरीष पुण्याहून कॉम्प्युटरच्या कामावर आलेला. ताईंच्या घरच्या भजनाला तबला त्याचाच. त्याची बायको तन्वी लेकीला, ओवीला घेऊन कायमची पुण्याला गेली, तेव्हा तो भजनालाही येईनासा झाला. मग कुठूनशी ही तिघं जमली, त्यांचा बँड झाला. अनुश आर्मेनियाची, आजीच्या तोंडची शेतातली गाणी पियानोवर जॅझमध्ये बसवणारी. बेस गिटारवर रेन, बाप मराठी आणि आई जपानी, लांबलचक रॉकचा वेडा. ड्रम्सवर अंबरीष.

पहिल्याच तालमीत अनुशने दहा मात्रांचं गाणं काढलं. तिकडे दहा निराळ्या तुटतात, तीन-दोन-दोन-तीन. ह्याने दहा ऐकल्या आणि लहानपणी देवळात हाताला बसलेला झपताल ठोकून दिला, दोन-तीन, दोन-तीन. दोन्ही एकमेकांत अडकलं. अनुश पोट धरून हसली, मग म्हणाली, आता हेच ठेव. त्या चुकीवर त्यांचं गाणं उभं राहिलं, आणि तळघरातल्या त्या क्लबात लोक तेवढ्यासाठी येऊ लागले.

ताई मात्र कधी गेल्या नाहीत. "जिथे दारूचे पेले फिरतात तिथे माझं काय काम," म्हणून त्यांनी कितीदा टाळलं होतं.

"पियानो माझ्या डावीकडे असतो," अंबरीष म्हणाला. "परवा अनुश समेवर आली आणि मी आधीच पुढे निघून गेलो होतो. रेनने मान वळवून पाहिलं."

"मग पियानो उजवीकडे घ्या."

"तो हलत नाही. आणि हलवा म्हटलं तर का ते सांगावं लागेल. अनुश म्हणते, दमला असशील तर शनिवारी दुसरा ड्रमर आहे, विश्रांती घे. जपानात विश्रांती घे म्हटलं की काय समजायचं ते कळतं मला."

"अरे, पण नोकरी तर आहे ना."

"नोकरीला एकसुद्धा कान लागत नाही, ताई." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "हे गेलं तर संध्याकाळी घरी जाऊन मी काय करू?"

ताईंनी पिशवीतून अंगाऱ्याची पुडी काढून चिमूट त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती डाव्या कानामागे लावली.

रेल्वेच्या पुलाजवळच्या बाकावर दोघं टेकली. अनुशचं गाणं गुणगुणत तो गुडघ्यांवर वाजवू लागला. ताईंना भजनाची सवय. नकळत त्यांचा हात मांडीवर पडू लागला. टाळी, टाळी, मग खालीला हात उलटा, पुन्हा टाळी. तेवढ्यात पुलावरून गाडी धडधडत आली. त्याला स्वतःचं गुणगुणणंही ऐकू येईना. बोटं अडखळली, ताल सुटला. तो मान खाली घालून बसला, आणि खाली पाहताना ताईंचा हात त्याला दिसला. तो उलटा झाला. पुन्हा टाळी पडली. गाडी अजून धडधडतच होती, आणि अंबरीष बरोबर समेवर आला.

गाडी गेल्यावरही तो त्या हाताकडेच बघत होता.

"शनिवारी संकष्टी आहे रे," तो काही मागायच्या आधीच ताई म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमचा उपास मोडायचा नाही मला. पण ताई, शनिवारी मीच वाजवणार, एवढ्या एका वेळी क्लबात या. पुढच्या खुर्चीवर बसा, पाण्याचा पेला घ्या, डोळे मिटून देवाचं नाव घ्या हवं तर. फक्त हात मांडीवर ठेवा, मला दिसेल असा, आणि शेवटपर्यंत ताल धरा."