मागचं टेबल

मी पदवीधर झालो तो ताईमुळे, माझ्या मोठ्या बहिणीमुळे. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावीनंतर ती आमच्या बुवापाड्यातून उल्हासनगर कॅम्प दोनला, जीन्सच्या कारखान्यात जाऊ लागली आणि मी शिकत राहिलो.

पाळी यायच्या आधी ताई वेगळीच व्हायची. भांडं आपटायची, मग त्याच भांड्याकडे बघत बसायची. आई म्हणायची, "तिच्या वाटेला जाऊ नकोस."

कारखान्यातल्या बायकांनी आपली सोय करून घेतली होती. जिचे पाळीचे दिवस जवळ आले, ती सकाळी गिऱ्हाइकांपासून लांब, मागच्या टेबलावर धागे कापायला बसायची. तिची शिलाई बाकीच्या वाटून घ्यायच्या. "आज वाघीण मागे गं!" म्हणून हसायच्या. सुट्टीत डबा द्यायला गेलो की मी ऐकायचो. कारखान्याच्या शेठना पत्ता नव्हता.

मी बदलापूरला नोकरीला लागलो, त्या वर्षी ताईच्या कारखान्यात नवा सुपरवायझर आला. त्याने प्रत्येकीची मशीन ठरवून दिली. हलायचं नाही. त्या महिन्यात ते दिवस आले तेव्हाही ताईला पुढेच बसावं लागलं. सुपरवायझर तिला म्हणाला,

"क्या मॅडम, घर से झगडा करके आयी क्या? जरा हस के सिलाई करो, कस्टमर बैठा है."

ताईने हातातली पँट त्याच्या तोंडावर फेकली.

शेठ म्हणाले, "माफी माँगो बेटा, फिर बैठो." ती पिशवी उचलून घरी आली.

रविवारी मी घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. रडली नाही. मलाही काही वाटेना, राग नाही, दया नाही.

"डॉक्टरकडे जाऊ या का?"

"काय सांगू त्यांना? राग येतो म्हणून? हसतील रे."

पुढे फोनवर ती नुसतं "हं" म्हणायची. म्हणून पत्र पाठवलं.

"ताई,

इथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. विचारताना माझी मान खाली होती. त्या हसल्या नाहीत. पाळीआधी असा राग पुष्कळ बायकांना येतो, त्यावर उपचार असतात, म्हणाल्या. गुरुवारी ये, मी रजा टाकली आहे.

पँट फेकल्याची माफी मागावीशी वाटली तर माग. पण तो जे बोलला ती त्याची चूक, तुझ्या दुखण्याचा भाग नव्हे, हे शेठना सांग. ऐकलं नाही तर परत जाऊ नकोस. माझा पगार सुरू आहे.

तुझा भाऊ"