हेडवरची विभूती

आमच्या अप्पांच्या मोटरसायकलला किक मारली की पाय मोकळाच खाली जायचा, गाडी काही सुरू व्हायची नाही. मुरुडच्या मेकॅनिकनं नकारार्थी मान हलवली आणि अप्पांनी लगेच भंगारवाल्याला रविवारी दुपारी बोलावलं. मी याच गाडीवर पडत-धडपडत शिकले होते. ती आता तराजूवर चढणार म्हटल्यावर मला घास गोड लागेना.

"मी नीट करते," मी म्हणाले.

"कर की," अप्पा म्हणाले. "हाय त्याच्याहून काय बिघडंल?"

शनिवारी मोबाइलवर व्हिडिओ बघत अंगणात इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. व्हॉल्व्ह काजळीनं माखलेले, जागेवर नीट बसतच नव्हते. सगळा दाब तिथूनच निसटत होता. लातूरला जाऊन व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणि हेडखाली बसवायचं नवं गॅस्केट आणलं. रबरी टोकाच्या काठीला व्हॉल्व्ह चिकटवायचा आणि काठी दोन्ही तळहातांत फिरवायची, ताक घुसळल्यासारखी. सर्र सर्र! हात भरून आले, पण कडेनं राखाडी रंगाची सलग रेघ उमटली, म्हणजे व्हॉल्व्ह आता सगळीकडून घट्ट टेकत होता, तेव्हा मी अंगणभर नाचले.

"येड लागलंय हिला," आई म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

रविवारी सकाळी पेस्ट धुऊन काढली, व्हॉल्व्ह बसवले, वरून पेट्रोल ओतून बघितलं. थेंबही झिरपला नाही! हेड लख्ख पुसून पाटावर ठेवलं आणि मी हात धुवायला गेले.

परत येऊन बघते तर हेडच्या गुळगुळीत तोंडावर विभूतीचे तीन पट्टे! आमच्या घरात पिठाची गिरणी असो की शिलाई मशीन, विभूती लावल्याशिवाय काही सुरू होत नाही.

"आई! इथं राखेचा कणसुद्धा चालत नाही गं!"

"मंग लावू कुटं? हेच तेवढं साफ दिसलं."

विभूती पुसून टाकणं तिला पटेना आणि विभूतीसकट हेड बसवणं मला. शेवटी तिनंच ती बोटानं टिपून माझ्या कपाळाला लावली आणि उरलेली पेट्रोलच्या टाकीला. मी हेड पुन्हा धुतलं. दोघी इतक्या हसत होतो की पाना हातात ठरेना.

शेवटचा नट आवळला आणि दारात भंगारवाल्याचा टेम्पो थांबला. तो उतरून थेट गाडीपाशी आला. मी जीव मुठीत धरून किक मारली. किकनं पाय उलटा वर ढकलला! जोर आला होता! पुन्हा मारली तशी गाडी फटफटली, धूर ओकली आणि सुरूच राहिली. मी किंचाळले, आईनं टाळ्या पिटल्या.

"चालू हाय की ओ!" भंगारवाला अप्पांना म्हणाला. "मंग द्यायची का न्हाई?"

अप्पा गाडीचा आवाज ऐकत उभे होते.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "गाडी तिची हाय. तिला इचारा."

'न्हाई द्यायची' एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी हँडल घट्ट धरलं आणि हसता हसता रडायलाच लागले.