बारा वेळा अंक पहिला

पहिला अंक काढण्यात माझ्या मामाचा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि दुसरा अंक न काढण्यात तर अख्ख्या मराठवाड्यात. पाथरीच्या एका शाळेत तो लिपिक होता. रविवारी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, कागद मात्र स्वतःचा घेऊन, तो मुलांसाठी एक चित्रकथा छापायचा. नाव आमच्या दुधना नदीवरून, 'दुधना पंचक'. अचाट शक्ती मिळालेली पाच पोरं, सगळी सोळा वर्षांची. मी एकदा विचारलं, "मामा, सतरा केली तर काय बिघडतं?" तर म्हणाला, "सतराव्या वर्षी माणूस शहाणा होतो गं. मग त्याचा काई उपयोग न्हाई." नऊ-दहा वर्षांत त्यानं या पंचकाचे अकरा अंक काढले आणि अकराच्या अकरा अंकांवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अंक पहिला'.

त्यातला चारठाण्याचा पोरगा देवळाच्या खांबाला कान लावून जुन्या काळचं बोलणं ऐकायचा. पिंगळीची पोरगी पॅसेंजरच्या आधी पळत स्टेशनात पोचायची. खरं सांगायचं तर त्या पॅसेंजरच्या आधी माझी आत्यासुद्धा पोचली असती. पाथरीचा एक जण नुसत्या नजरेनं भरलेली जीप थांबवायचा. आणि त्यांचा म्होरक्या पेटती आग मुठीत धरून विझवायचा. या पोरांना शक्ती मिळाली कशी, हे मात्र मामा दर वेळी नव्यानं रचायचा. कधी बोअर घेताना पाण्याऐवजी उजेड वर यायचा, कधी जिंतूरच्या रस्त्याला एसटी बंद पडायची आणि मागच्या बाकावरच्या पाचही तिकिटांना कंडक्टरच्या चिमट्यानं चांदणीच्या आकाराची भोकं पडायची. शेवटची चौकट मात्र ठरलेली. मागं जाळ, पुढं एक बंद दार, आणि दारावर थाप मारणारा म्होरक्या. खाली ओळ, 'दार उघडेल का? वाचा अंक दुसरा.' मग दहा-अकरा महिन्यांनी पुन्हा अंक पहिला! आम्ही पोरं चिडून लाल व्हायचो. "मामा, दार उघड की एकदाचं!" म्हणून मी रडलेही आहे. तो कान खाजवत म्हणायचा, "उगम नीट जमंना गेलाय. पाया कच्चा असला की पुढलं सगळं ढासळतंय."

कागदावरचं दार उघडायला तयार नसलेल्या या माणसाच्या खोलीचं दार मात्र कधीच बंद नसायचं. कडीच काढून टाकली होती त्यानं. मे महिन्यात वावटळ सरळ आत येऊन अंथरुणावर बसायची. कुत्री यायची, कोंबड्या यायच्या, एकदा चोर येऊन स्टोव्ह घेऊन गेला. तिसऱ्या उगमाचे सगळे छापील कागद शेजारणीच्या शेळीनं दुपारच्या निवांत वेळी बसून खाल्ले. शेजारीण बिचारी ओशाळली, तर मामा म्हणतो, "ऱ्हाऊ द्या वैनी, तिला तरी पचलाय." आई दर राखीपौर्णिमेला एक नवी कडी घेऊन जायची आणि तो ती मुकाट्यानं पेटीत टाकायचा. पेटीत अशा सात-आठ कड्या झाल्या होत्या.

आणि पाचवा गडी? तो तर मोठाच घोटाळा. मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं मामा पाची जणं कोरायचा, आणि छापायला घेण्याआधी पाचव्यावर दुरुस्तीचं लाल वार्निश फासायचा. वार्निश लागलं की तिथून शाई उतरत नाही. म्हणून छापील पानावर चार पोरं आणि पोराच्या आकाराचा एक पांढरा डाग. आम्हाला वाटायचं, ही आपल्यासाठी ठेवलेली जागा! मी तिथं बॉलपेननं माझ्या दोन वेण्या काढायचे. पाथरीच्या निम्म्या पोरांनी तिथं आपापली थोबाडं काढली असतील. मामाला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. "बरं केलंत," एवढंच म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

कारण आईनं मला पुढं कधीतरी सांगितलं. मामाच्या गावी त्याचा एक जिवाभावाचा दोस्त होता, वस्तीतला. दोघांनी मिळून शाळेच्या वहीत हे पंचक जन्माला घातलं होतं. खरा पहिला अंक तो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, अठ्ठ्याहत्तर साली, आणि गावोगाव लोक उठले. मामाच्या गावातही भरदुपारी वस्ती पेटवली. दोस्ताच्या घरासोबत ती वही जळाली. ते कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून गेलं. तेव्हा मामा सोळा वर्षांचा होता. आईला एवढंच ठाऊक होतं. मला वाटलं, वही जळाली म्हणून हा वेडा उगम शोधत बसलाय.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव अखेर बदललं. त्याच्या पुढच्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, मी मामाकडे होते. दार उघडंच होतं, तरी कुणीतरी फळीवर टकटक केलं. कानाजवळ केस पिकलेला एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा होता. "जय भीम," तो म्हणाला. "आत येऊ का?" मामाचे हात शाईनं काळे झालेले. तो उठला, "जय भीम" म्हणाला, आणि शाईचे हात लेंग्याला पुसत राहिला. मीच खुर्ची पुढं केली.

पाहुण्यानं पलंगावरचा अंक उचलला. सावकाश शेवटच्या पानापर्यंत गेला. म्होरक्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हा मी हाय." मग म्हणाला, "दार अजून उघडलं न्हाईस."

मामा खाली बसला, फरशीवरच. "तू तीनदा हाक मारलीस," तो म्हणाला. "मी मोजल्या."

"चारदा. चवथी तुला ऐकू आली नसंल. लांब गेलतो."

"कडी माझ्या हातात होती."

"तुझा बाप आडवा आलता का?"

खोटं बोलायला केवढी सोपी जागा होती ती! पण मामा म्हणाला, "न्हाई. बा रानात होता. घरात मी एकलाच. मला भ्या वाटलं."

मला तेव्हा मामाचा राग आला, खोटं कशाला सांगू? एवढा राग आला की त्याच्याकडे बघवेना. पाहुण्यानं पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला. "माझ्या बापाचा हात मरेपर्यंत वाकडाच ऱ्हायला," तो म्हणाला. "माफी-बिफी मला जमायची न्हाई. पण पुसून का टाकतोस सोताला? दार काढ. आत कोण हुबा होता ते बी काढ. पोरांना कळू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, च्या करता का?" चहा त्यानं पूर्ण घेतला, एका कागदावर पत्ता लिहून दिला आणि जीप धरून गेला.

बारावा पहिला अंक मामानं आठ दिवसांत काढला. त्यात बोअर नव्हता की एसटी नव्हती. शेवटच्या चौकटीत दार उघडं, दारात कडीला हात लावलेला एक पोरगा, मामाचेच सुपासारखे कान. चौघांच्या नावापुढं त्यांची शक्ती लिहिलेली, याच्यापुढं काहीच नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "शक्ती कसली गं? कडी काढायला सोळा वर्षं लागली त्याला." एक प्रत त्यानं पोस्टानं पाठवली. महिन्याभरानं कार्ड आलं, 'पोचला. दुसरा अंक कधी?' मामा ते कार्ड खिशात घेऊन गावभर हिंडला.

त्याच पावसाळ्यात काविळीनं तो गेला. त्याच्या टेबलावर मेणाचा एक नवा कागद होता. त्यावर सुबक अक्षरांत 'अंक दुसरा' एवढंच कोरलेलं. तो मी दोस्ताच्या पत्त्यावर पाठवून दिला. खोली आवरताना पेटीतल्या कड्या मात्र कुणाला द्याव्यात ते मला सुचेना, म्हणून तिथंच ठेवून आले. नव्या भाडेकरूनं पहिल्याच दिवशी त्यातली एक काढून दाराला बसवली म्हणे. बसवणारच की. शेळ्या आत येतात.