पहिल्या दिवसाची तालीम

माझी आत्या तेवीस वर्षं परदेशात मुलांना इंग्रजी शिकवते आहे, आणि त्यातली सतरा वर्षं, वर्षातून एकदा, आपल्याला इंग्रजी येत नाही असं दाखवायलाही शिकवते आहे. वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही पहिल्यांदा आलं होतं. आता तळपायाची आग मस्तकात जाते आणि ती कुणावर काढायची ते ठरत नाही, म्हणून लिहायला बसले.

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच, गोरा, झगेवाला माणूस उभा राहतो. आत्या ठेंगणी, सावळी, सुती साडीवर पुरुषी स्वेटर घालणारी आणि पायात कॅनव्हासचे बूट. आजोबा पाळक होते. जन्मभर दर रविवारी ते प्रार्थना करायचे की, प्रभू, परदेशी सेवेसाठी आमच्या मंडळीतून कामकरी पाठव. एका रविवारी त्यांची स्वतःचीच मुलगी उभी राहून म्हणाली, मी जाते. आजोबा दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. प्रार्थना ऐकली जाईल याची त्यांना कल्पना नव्हती, असं माझे वडील अजून सांगतात.

आत्याचा वर्ग म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची लांबट खोली. बाहेरून लोखंडी जिना, खाली दिवसभर पाइप कापण्याचा आवाज, वर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास. फळा असा नाहीच, एक भिंतच काळी रंगवलेली. शाळा सुटली की चार ते सहाच्या वेळात चाळीस मुलं यायची. शनिवारी बायबलमधली गोष्ट, बाकीचे पाच दिवस इंग्रजी. आत्याची पद्धत एकच. दारातच अडवून विचारायची, येताना रस्त्यात काय पाहिलंस, इंग्रजीत सांग, मगच आत ये. पोपटपंची चालायची नाही, कालचं आज सांगितलं की परत जिना उतरून काहीतरी नवं बघून यावं लागायचं. एकीने एकदा सांगितलं होतं की एक माणूस स्वतःच्याच गाडीला शिव्या देतो आहे आणि गाडी ऐकून घेते आहे. सहा महिन्यांत मुलं बोलायला लागायची. मी बी.एड. करून तिच्या हाताखाली गेले ती याच कौतुकाने. माझ्या बी.एड.च्या दोन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नाही, ते मी त्या दारात उभी राहून शिकले.

आता ते पाहुणे. दरवर्षी सुट्टीच्या दिवसांत मिशनचं मुख्य ऑफिस ज्या देशात आहे तिथून बारा-पंधरा जणांचा जथा यायचा, दोन आठवड्यांसाठी. सगळ्यांचे एकसारखे निळे टी-शर्ट, हातात रंगीत कार्डं, तोंडावर हसू. माणसं वाईट नव्हती हो, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर भांडता आलं असतं. पण दोन आठवड्यांत करणार काय? दरवर्षी नवी माणसं आणि दरवर्षी ए फॉर ॲपल. पहिल्या दिवशी मुलांची परीक्षा, शेवटच्या दिवशी तीच परीक्षा, आणि मधला फरक घरी जाऊन आपापल्या मंडळीला सांगायचा.

पहिल्या वर्षी आत्याने सरळ मनाने खरी परीक्षा होऊ दिली. मुलांना कार्डावरचं सगळं येत होतं. पाहुण्यांपैकी एक तरुण मुलगी कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन रडायलाच लागली, मग आम्ही इतक्या लांब आलोच कशाला म्हणाली. महिन्याभरात मिशनचं पत्र आलं की तुमच्याकडे आता गरज उरलेली दिसत नाही, वर्ग दुसरीकडे हलवावा का? म्हणजे बाईने चांगलं शिकवलं, त्याची शिक्षा म्हणून वर्ग बंद. आत्याने हातापाया पडून तो वाचवला, आणि पुढच्या वर्षी पाहुणे यायच्या आदल्या शनिवारी मुलांना समोर बसवून सांगितलं, “पाहुणे लांबून येतात. त्यांचं मन मोडायचं नाही. पहिल्या दिवशी कुणालाही काहीही येत नाही.”

तेव्हापासून ती तालीम ठरूनच गेली. कार्ड दाखवलं की आधी छताकडे बघायचं, मग शेजारणीकडे, मग हसायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत एफच्या पुढे जायचं नाही. शेवटच्या दिवशी मात्र सगळं धडाधड. वेड पांघरून पेडगावला कसं जायचं, याचं इतकं रीतसर शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नसेल. मुलांना तो खेळ वाटायचा. यंदा तालीम मीच घेतली, आणि सांगायला लाज वाटते, पण हसून हसून माझं पोट दुखलं.

वर्गात एक मुलगी होती, अकरा वर्षांची. आम्ही तिला वकीलीणबाई म्हणायचो, कारण प्रत्येक उत्तरावर तिचा उलटा प्रश्न तयार. तिची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, आणि बारा वर्षं पूर्ण झाली की मुलीलाही तिथेच घड्या घालायला नेणार होती. आईचाही इलाज नव्हता. त्यात मिशनने मोठ्या शहरात मुलींची निवासी शाळा काढली आणि आत्याच्या वर्गाला एक जागा दिली. एकच. आत्याने वकीलीणबाईची शिफारस पाठवली, चार पानी, आपल्या हाताने लिहून. उत्तर आलं की मुख्याध्यापिका या वर्षी पाहुण्यांबरोबर स्वतः येतील आणि गुरुवारी मुलाखत घेतील. लाँड्री की शाळा, ते त्या गुरुवारी ठरायचं होतं.

सोमवारी जथा आला. मुख्याध्यापिकाही त्याच निळ्या टी-शर्टात, पण गुरुवारपर्यंत त्या मुलांकडे वळणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. मुलं ओळीने बसली, आत्या एका टोकाला सगळ्यांना पाणी देत होती, मी हजेरी लिहीत होते. मुख्याध्यापिकाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाहुण्यांतल्या एका मुलीच्या हातातली कार्डं घेतली आणि थेट वकीलीणबाईसमोर जाऊन बसल्या. तिचं नाव विचारलं. पोरीने छताकडे पाहिलं. गाईचं कार्ड दाखवलं. पोरीने शेजारणीकडे पाहिलं आणि हसली. त्यांनी पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. आणि मी काय करावं? मी तिला डोळ्यांनीच शाबासकी दिली. इतकं छान वठवते आहे म्हणून! ते आठवलं की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

वर्ग सुटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघींना खुर्च्यांवर बसवलं.

“सिस्टर, मला बुधवारी सकाळीच परतावं लागतंय,” त्या म्हणाल्या. “गुरुवारची मुलाखत आता नको. मी आजच पाहिलं. तुमची माया मी समजू शकते, पण चार पानांचं पत्र लिहिण्याआधी थोडा विचार करायला हवा होता. त्या मुलीला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही.”

 मी आत्याकडे बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. ती फक्त म्हणाली, “तुम्ही अजून एकदा बघा ना तिला.” त्या म्हणाल्या, जागा आता दुसऱ्या केंद्रातल्या मुलीला द्यायचा विचार आहे.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात मी तोंड सोडलं.

“आत्या, तू जाऊन सांग.”

“काय सांगू? सतरा वर्षं सगळ्यांना फसवलं म्हणून सांगू?”

“हो. तेच.”

“वर्ग बंद करतील गं. चाळीस मुलं आहेत. एका मुलीसाठी चाळीस जणांच्या पोटावर—”

“पोटावर नाही, तुझ्या नावावर!” मी ओरडले. “तुझं नाव खराब होईल म्हणून ती पोर जन्मभर चादरींच्या घड्याच घालत बसू दे का?”

आत्याने भाकरीचं पीठ मळायचं थांबवलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. मी स्वतः का नाही गेले सांगायला, असं तुम्ही विचाराल. विचारा. आत्याला तिच्याच भाचीने चव्हाट्यावर आणायचं, हे मला जमलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्याला धैर्य शिकवताना माझी जीभ मात्र फार चालते.

 संध्याकाळी आत्याने बायबल उघडलं आणि न वाचता मिटलं. बुधवारी सकाळी सातलाच तिने मला उठवलं, बूट चढवले आणि आम्ही वकीलीणबाईच्या घरी जाऊन तिला बरोबर घेतलं. पाहुण्यांच्या मुक्कामाच्या घराखाली टॅक्सी उभी होती. मुख्याध्यापिकाबाई बॅगेची चेन लावत होत्या.

आत्याने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, एकही सबब न देता. रडणारी तरुण मुलगी सांगितली, पत्र सांगितलं, शनिवारची तालीम सांगितली. मग म्हणाली, “आता हिला काहीही विचारा.”

त्यांनी विचारलं, येताना रस्त्यात काय पाहिलंस? हा प्रश्न त्यांच्या तोंडी कसा आला, देव जाणे, बहुधा शिफारसपत्रातून. वकीलीणबाई दोन मिनिटं अस्खलित बोलली. रस्त्यात बूट घातलेल्या एका बाई इतक्या भरभर चालत होत्या की त्यांना काय पकडायचं आहे ते आपल्याला कळेना, असं म्हणाली. मुख्याध्यापिकाबाईंना हसू आलं. मला वाटलं, जिंकलो.

“उच्चार फार छान आहेत,” त्या म्हणाल्या. मग बॅग खाली ठेवून त्यांनी आत्याकडे पाहिलं. “सिस्टर, सोमवारी मला वाटलं हिला काही येत नाही. ते चाललं असतं, न येणाऱ्याला आम्ही शिकवू शकतो. पण सगळं येत असून ही माझ्या तोंडावर हसत नाटक करत होती. अशा मुलीला मी इतर मुलींमध्ये कशी आणू?”

“नाटक मी शिकवलं,” आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. “खोटेपणा माझा आहे, तिचा नाही! तिने सांगितलेला अभ्यास केला, इतकंच. मला काढा, वर्ग बंद करा, मला उद्या घरी पाठवा. तिला का?”

“तुमचं मी मिशनला कळवीनच,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तिच्यासाठी मी प्रार्थना करीन.”

टॅक्सी गेली. प्रार्थना करणार म्हणे! सोमवारी येत नाही म्हणून नाही, बुधवारी येतं म्हणून नाही. ज्यांना खूश ठेवायला त्या मुलांना मुकं व्हायला शिकवलं, त्यांनीच मुकेपणाबद्दल शिक्षा केली. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही अकरा वर्षांच्या पोरीला. मी त्या टॅक्सीमागे दगड भिरकावला नाही, एवढाच काय तो माझा ख्रिस्ती धर्म.

आम्ही परत वर्गाच्या जिन्यापाशी आलो. दुकानवाला शटर उघडत होता. आत्या पोरीसमोर वाकली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“माझं चुकलं गं. शाळेच्या बाई त्यांच्यातच आहेत, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तुला कसं कळणार?”

“मला कळलं होतं,” वकीलीणबाई म्हणाली. “त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं. मी वाचलं.”

आत्याने तिचे हात सोडले. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही खोट्या पडला असता ना, टीचर. सगळ्यांसमोर.”

आत्या खालच्या पायरीवर बसली. पोर तिच्याशेजारी बसली आणि तिच्या स्वेटरची बाही धरून म्हणाली, “रडू नका, आई म्हणते लाँड्रीत गरम असतं, थंडीत बरं वाटतं.”